'झालं' म्हणू नका

गिराम मॅडमच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द 'शी!' हा होता आणि तो माझ्या कीबोर्डला उद्देशून होता.

कारखान्याचं नाव सांगणार नाही. साखर कारखाना आहे, परभणी जिल्ह्यात आहे, धुराडं उंच आहे आणि मळीचा वास वाऱ्याच्या मर्जीनं गावोगाव हिंडतो, एवढ्यावर भागवा. मी तिथं शेतकी खात्यात क्लार्क. उसाच्या नोंदी करायच्या, तोडणीच्या याद्या काढायच्या, आलेल्या शेतकऱ्याला 'साहेब वजनकाट्यावर गेलेत' म्हणून सांगायचं, हा माझा पराक्रम. मॅडम संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या आणि पहिल्याच दिवशी सगळी टेबलं बघत फिरल्या. माझ्यापाशी थांबल्या. किडकिडीत बांधा, जाड काड्यांचा चष्मा आणि अर्ध्या मिटलेल्या नाकपुड्या. हे जग म्हणजे नुकतंच फुटलेलं नासकं अंडं आहे आणि आपल्याला त्याच्या शेजारी नोकरी लागली आहे, अशा त्या नाकपुड्या.

त्यांनी दोन बोटांत कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि टेबलावर आपटला. त्यातून सुपारीची खांडं पडली, भाकरीचा चुरा पडला, कुणाची तरी नखं पडली आणि शेवटी एक झुरळ अगदी मानकऱ्यासारखं सावकाश उतरून फायलींकडे चालू लागलं.

"यात कोण जेवतं?" मॅडमनी विचारलं.

"कुणी न्हाई मॅडम. ते... जमा झालंय."

"जमा झालंय? आपलं आपण?"

मॅडमनी पर्समधून कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली काढली, आधी स्वतःची बोटं पुसली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं म्हणू नका. कुणी केलं ते सांगा."

तेव्हा मला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. ते होतंच. दार कोपरानं ढकलायच्या. चहाचा कप घरून आणायच्या आणि घरी न्यायच्या. जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्या बघून डोळे मिटून चढायच्या आणि म्हणून दोनदा पडल्या. पण त्यांची खरी किळस निराळीच होती. ती होती 'झालं' या शब्दाची.

आता जरा आमच्या ऑफिसची भाषा ऐका. आमच्याकडे कुणी काही करत नसे. सगळं आपोआप व्हायचं. फाईल गहाळ व्हायची. पत्र राहून जायचं. चहा सांडायचा. नोंद चुकायची. गेस्ट हाऊसचा पंखा निघून जायचा, जणू त्यालाच कंटाळा आला. इतकी माणसं, इतक्या खुर्च्या, आणि सगळा कारखाना जणू दैवी लीलेनं चाललेला! मॅडमना हे ऐकवत नसे. "शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकलात ना? मग कर्ता कुठं पुरला?" असं त्या भर मीटिंगमध्ये विचारायच्या. कर्ता समोरच बसलेला असायचा आणि चहात बिस्कीट बुडवत असायचा.

पासवर्डच्या बाबतीत तर त्यांना उमासे यायचे. आमच्या खात्याचा एकच पासवर्ड होता. कारखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, देवाच्या तसबिरीच्या पायाशी, पेननं लिहिलेला होता. नवा माणूस आला की आधी देवाला नमस्कार करायचा आणि त्याच नजरेत पासवर्ड वाचून घ्यायचा. मॅडमनी ते पान फाडलं. "दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं म्हणजे दुसऱ्यानं चघळलेलं पान आपल्या तोंडात घेणं. कळलं का? रोज सकाळी तुमी सगळे एकच पान चघळायलाव."

त्या दिवशी खात्यात कुणीच पान खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी खाल्लं.

प्रत्येकाला आपापलं खातं मिळालं. कोण कधी आत आला, कुठल्या कॉम्प्युटरवरून आला, काय बदललं, हे संगणक आपल्यापाशी टिपून ठेवू लागला. त्याला मॅडम लॉग म्हणायच्या. कळशीभर नोंदी, पण त्यातली एक एक वाचली तर काहीच कळत नाही. 'अमका आला.' 'अमक्याचा पासवर्ड चुकला.' 'अमक्याचं खातं बंद.' मॅडमचं सगळं कसब या नोंदी एकमेकींशी जुळवण्यात होतं. हे कसब त्यांनी सगळ्यात आधी दाखवलं ते आमचे शेतकी अधिकारी ढगे साहेब यांच्यावर.

ढगे साहेब म्हणजे देखणा माणूस. पांढरे बूट, सोनेरी घड्याळ, आवाजात साखरेचा पाक. त्यांचं खातं रोज दुपारी बंद पडायला लागलं. पासवर्ड वारंवार चुकला की खातं आपणहून कुलूप लावून घेतं, अशी सोय मॅडमनी केली होती. पण साहेब तर पासवर्ड एकदाच टाकत होते, आणि तोही बरोबर. साहेब घाबरले. कुणीतरी करणी केली, असं त्यांनी ठरवलं आणि मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी शपथेवर सांगतो, मॉनिटरला! वर आठवड्याला ताजी बदलायचे.

मॅडम आल्या, लिंबाकडे बघून 'शी!' म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. साहेबांचं खातं बंद पडण्याची वेळ त्यांनी घेतली, त्याच्या आधी चुकलेला पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवरून आला ते शोधलं, आणि तो कॉम्प्युटर निघाला गेस्ट हाऊसच्या मागच्या खोलीत. दुपारी जेवणानंतर साहेब तिथं पत्ते खेळायला जायचे. तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडं टाकून आले होते. त्यात जुना पासवर्ड साठलेला. मध्यंतरी साहेबांनी पासवर्ड बदलला, पण त्या यंत्राला कोण सांगणार? दुपारी कुणी ते सुरू केलं की ते बिचारं जुन्या पासवर्डनं साहेबांचं दार ठोठावत बसायचं.

"करणी हाय खरी," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुमचीच."

साहेबांचा पाक जरा करपला. "मी कशाला पत्ते खेळू? माझ्या नावानं दुसरंच कुणीतरी बसत असन तिथं," असं म्हणत त्यांनी उलट मॅडमविरुद्धच अर्ज दिला. 'माझ्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कुणाचा हात लागू नये, सबब केबिनला स्वतंत्र कुलूप मिळावं आणि किल्ली माझ्यापाशीच असावी.' कुलूप मिळालं. साहेब ती किल्ली घड्याळाच्या पट्ट्याला ताइतासारखी बांधून मिरवत असत. हे कुलूप लक्षात ठेवा.

आणि आणखी एक गोष्ट साहेबांनी पदरात पाडून घेतली. मॅडम रजेवर असल्या तर काम अडू नये, म्हणून आपल्या खात्यातल्या माणसांचे पासवर्ड आणि नावं बदलण्याचा अधिकार. मॅडमनी विरोध केला. एमडी साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी संचालक, म्हणाले, "असू द्या हो, सोय होते." मॅडम बाहेर आल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

मॅडम पूर्णेच्या. वडील रेल्वेत होते. पूर्णा जंक्शनला काही गाड्यांचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला जोडायचे, आणि आलेली गाडी उलट्या तोंडानं पुढं जायची. नवखा प्रवासी घाबरून उतरायला बघायचा, गाडी परत चालली म्हणून. लहानपणी घराच्या ओट्यावरून हे बघण्यात मॅडमचा वेळ जायचा. एवढी एकच आठवण त्या नाक न मुरडता सांगत. "तोंड बदललं म्हणजे गाडी बदलली असं वाटतं येड्यांना. डबे मोजा की. तेच असतेत."

आता मुख्य प्रवेश.

खात्यात वर्षा कदम नावाची मुलगी होती. कामाला चोख, बोलायला घाबरट. समोरचा खोकला तरी 'सॉरी' म्हणायची. हंगाम चालू असतानाच तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या आधी तिनं ढगे साहेबांकडे अर्ज टाकला होता, कारखान्याच्या नोंदीत नाव बदलून वर्षा शिंदे करावं म्हणून. सासूची नोकरीला नाराजी होती. नवऱ्यानं कसंबसं कबूल करून घेतलं होतं. अर्ज साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून राहिला.

लग्न करून ती परत कामावर आली, आणि पुढच्याच आठवड्यात नामदेवराव ऑफिसात घुसले. नामदेवराव म्हणजे नदीकाठचे थोड्या जमिनीचे शेतकरी. खांद्यावर उसाचं अख्खं कांडं, त्याला पांढरा तुरा. ते त्यांनी माझ्या टेबलावर आडवं टाकलं.

"बगा. तुरा आला. आतून भेंड पडायलंय, वजन घटायलंय. माझी लागण आधीची, आन् तोडणीची टोळी घुसली पल्याडच्या कोवळ्या उसात? कामून?"

आमच्याकडे नियम साधा. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधीची, त्याचा ऊस आधी तुटणार. मी यादी काढली. पल्याडचा ऊस एका संचालकांच्या मेहुण्याचा. त्याच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या लागणीच्या तारखा मागं सरकलेल्या. कोवळा ऊस कागदावर एका रात्रीत जून झाला होता.

"तारखांत बदल झालाय खरा," ढगे साहेब पाकातल्या आवाजात म्हणाले. "बघू, चौकशी होईल."

चौकशी झाली. मॅडम नेमक्या आजारी आईपाशी पूर्णेला होत्या, म्हणून पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला गेला. सुगंधी, हसतमुख. त्यानं दुपारपर्यंत रंगीत अहवाल दिला. त्या तारखा वर्षा शिंदे या खात्यावरून बदलल्या गेल्या. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. खाली त्याची ऐटबाज सही.

वर्षाला घरी बसवायचं ठरलं. फक्त एमडी साहेबांसमोर एकदा बोलावून घ्यायचं, म्हणजे रीतसर दिसेल. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत हुंदके देत होती. "सासरी काय सांगू, दादा? हळद उतरली न्हाई अजून. नवीन नाव पहिल्यांदा कागदावर आलं, ते असं."

तेवढ्यात मॅडम रजा संपवून दारात उभ्या. वर्षाकडे बघून नाकपुड्या मिटल्या.

"रडू नको. टेबल भिजायलंय. पासवर्ड कुणाला दिलतास?"

"कुणालाच न्हाई, मॅडम. उलट मलाच ढगे साहेबांनी नवा दिला. म्हणले, नाव बदललंय, पासवर्ड बी बदललाय."

"बदललाय? आपला आपण?"

"मला काय माहीत, मॅडम. लग्नाहून आले त्या दिवशी सकाळी मी जुन्याच नावानं आत जायला बघत व्हते. तर असं नावच न्हाई म्हणायलं. तोडणीच्या चिठ्ठ्यांच्या घड्या घालत बसले. साहेबांनी दुपारी बोलावून सांगितलं."

मॅडमच्या नाकपुड्या उघडल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या पूर्ण उघडलेल्या पाहिल्या.

"ऊठ. तोंड धू. साबणानं."

त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर बैठक मारली. आधी कीबोर्ड पुसला. मग मला आणि वर्षाला सांगत सांगत शोधू लागल्या, आणि सांगण्यात इतका तिटकारा की जणू तुंबलेल्या मोरीत हात घालत आहेत.

"त्या पुण्याच्या माणसानं काय शोधलं? वर्षा शिंदे. त्याला वर्षा शिंदे सापडली. शी! नाव शोधलं की नावच सापडणार. अरे, हे खातं जन्माला आलं तेव्हा याचं नाव कदम होतं. पण संगणक माणसाला नावानं ओळखतच न्हाई. प्रत्येक खात्याला आत एक नंबर असतो. लग्न करा, नाव बदला, नंबर मरेपर्यंत तोच. आता नंबरानं शोधू."

नंबर टाकला, आणि मग एकेक नोंद वर आली. त्या सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या, ढगे साहेबांच्या खात्यानं वर्षा कदमचा पासवर्ड बदलला. लगेच 'वर्षा कदम' साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून आत गेली. लगेच साहेबांच्या खात्यानं कदमचं शिंदे केलं. कपाखालचा अर्ज त्या दिवशी बरा आठवला! आणि त्यानंतर, केबिनमधून आत गेलेल्या त्याच खात्यानं, आता वर्षा शिंदे म्हणून, तारखा मागं सरकवल्या. नाव बदलण्याआधीचं सगळं, केबिनमधून आत शिरणंसुद्धा, कदमच्या नावावर, नंतरचं शिंदेच्या. तज्ज्ञाला दिसला तो शेवटचा डबा.

"इंजिन कुठं बदललं बगा," मॅडम नाव बदलल्याच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या. बोट काचेला न लावता, जरा अंतरावर. मग त्यांनी वर्षाच्या कॉम्प्युटरच्या नोंदी त्याच वेळेच्या काढल्या. 'वर्षा कदम, असं खातं नाही.' पुन्हा, 'असं खातं नाही.' पुन्हा तेच. तारखा सरकत होत्या त्याच वेळी.

"म्हणजे ही एकच बाई," मॅडम माझ्याकडे वळल्या, "दाराबाहेर कुलुपाशी झटायली होती, आन् त्याच वेळी आत खुर्चीत बसून तारखा बदलायली होती. लय कामाची हाय मग. हिला दोन पगार द्या."

दुसऱ्या दिवशी एमडी साहेबांच्या दालनात आम्ही जमलो. मी कागद धरायला. मॅडमनी खुर्ची पुसली आणि बसल्या. मग एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यात कर्ता.

"ढगे साहेबांनी पासवर्ड बदलला. ढगे साहेबांनी नाव बदललं. ढगे साहेबांच्या कॉम्प्युटरवरून तारखा बदलल्या."

ढगे साहेब हसले. "मॅडम, माझ्या कॉम्प्युटरवर कुणीबी बसू शकतंय. मी काट्यावर असन त्या वेळी. कुणीतरी येऊन गेलं असन."

मी वाट बघत होतो. मंडळी, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

"केबिनला कुलूप असतं ना?" मॅडम म्हणाल्या. "अर्ज तुमीच दिलता. किल्ली कुणापाशी असते?"

साहेबांचा हात आपोआप घड्याळाकडे गेला. किल्ली तिथंच चमकत होती. एमडी साहेबांनी किल्लीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर धुराड्याकडे बघितलं, कारण मेहुणा कुणाचा हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यातल्या त्यात सोपं माणूस म्हणून ते वर्षाकडे वळले.

"तुझं काय म्हणणं आहे, बाळ?"

वर्षा उभी राहिली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "साहेब, माझ्याकडून काही झालं न्हाई..."

"शी!" मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण असं म्हणाल्या की शिपायानं दारातून आत डोकावलं.

वर्षानं पदर सोडला. "मी केलं न्हाई," ती म्हणाली. मग हात उचलला आणि बोट सरळ समोर धरलं. "यांनी केलं. ढगे साहेबांनी."

घाबरट माणसाचं बोट एकदा उचललं गेलं की लवकर खाली येत नाही. ते बराच वेळ तसंच होतं, साहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवर रोखलेलं.

वर्षाची नोकरी राहिली. तारखा जागेवर आल्या, टोळी कोवळ्या उसातून निघून नामदेवरावांच्या शेतात गेली. जे कांडं त्यांनी माझ्या टेबलावर टाकलं होतं, ते मात्र तसंच राहिलं, चिकट डाग ठेवून. आणि चार दिवसांनी नोटीस बोर्डावर आदेश लागला: 'तांत्रिक कारणामुळे लागण तारखांत बदल झाला होता. तो दुरुस्त करण्यात आला आहे.' ढगे साहेबांची गोडाऊनला बदली झाली. म्हणजे कुणीतरी केली, पण कुणी ते आजही कुणी सांगत नाही. वर्षभरात ते परत आले, तेवढेच गोड.

मॅडमनी तो आदेश वाचला. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा कागद कोपऱ्याला धरून बोर्डावरून उतरवला, लाल पेननं 'झाला' खाली रेघ मारली, 'करण्यात आला' खाली दोन मारल्या आणि परत लावून ठेवला. मग हात धुतले.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ झाला. शाल, नारळ, हार. भाषण करायला, तुम्ही ओळखलंच असेल, ढगे साहेब. "मॅडमकडून कारखान्याची फार मोठी सेवा झाली," ते पाक ओतत म्हणाले. सगळ्या ऑफिसनं मॅडमच्या नाकाकडे बघितलं. मॅडमनी माईक घेतला, बोळ्यानं पुसला, तोंडाशी नेला, आणि साहेबांकडे एक नजर टाकून तसाच खाली ठेवला. बोलण्याच्या लायकीचंही त्यांना काही वाटलं नसावं.

खाली उतरल्यावर वर्षा पुढे आली. हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं पुडकं. मॅडमनी एक कडा फाडून बघितलं. स्पिरिटची मोठी बाटली आणि कापसाचा गठ्ठा.

"हे कुणी आणलं?"

"मी आणलं," वर्षा म्हणाली.

मॅडमनी पुडकं छातीशी धरलं. 'शी'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

मी त्यांना पूर्णेच्या बसपर्यंत सोडायला गेलो. एसटी नेहमीसारखीच होती. खिडकीखाली लाल ओघळ, सीटवर केळ्याच्या सालीचा लगदा. मॅडमनी पुडकं माझ्याकडे दिलं, नारळ खाली ठेवला, खांद्यावरची कारखान्याची शाल काढली आणि त्या शालीनं सीट पुसली. अगदी कोपरे धरून, आतून बाहेर. मग घडी घालून शाल सीटखाली टाकली, माझ्याकडून पुडकं मागून मांडीवर घेतलं आणि बसल्या.

"बाई, जरा सांभाळून घ्या," कंडक्टर म्हणाला. "मागच्या फेरीत घाण झालीय जरा."

गाडी हलली, म्हणून मी खाली उडी मारली. मागून बघितलं तर मॅडम वळून कंडक्टरकडे बघत होत्या, आणि त्या खडखडाटातही मला स्पष्ट ऐकू आलं.

"कुणी केली?"

बस फाट्यावरून वळेपर्यंत मागच्या काचेतून तो कंडक्टर दिसत होता. तिकिटं राहिली होती, हातातलं मशीन तसंच, आणि तो आठवत होता.